अनेक दीर्घ आजार असलेल्या रुग्णाची रुग्णकेंद्री देखभाल: प्रगती कशी मोजायची? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अनेक आजार असलेल्या रुग्णाचा प्रत्येक आजार सुटा न पाहता, त्याला काय हवं ते विचारून त्याची सगळी देखभाल एकत्र करायची, अशी पद्धत सुरू करताना तिचा उपयोग होतोय का हे कसं मोजायचं? ठाणे आणि नवी मुंबईतल्या खासगी दवाखान्यांकडून, ट्रस्टच्या रुग्णालयांकडून आणि नागरी आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टर-सिस्टरांकडून हे प्रश्न आमच्याकडे पुन्हा पुन्हा येतात. काही नातेवाईकांनीही विचारले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. एखादं उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं असेल तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. कोणते रुग्ण यात धरायचे? मधुमेह आणि बीपी दोन्ही असलेला प्रत्येक जण का?

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येप्रमाणे एका व्यक्तीला दोन किंवा अधिक दीर्घकालीन आजार असले की ती यात मोडते. पण ही व्याख्या जशीच्या तशी लावली तर वाशी-नेरूळच्या कुठल्याही ओपीडीतले पन्नाशीपुढचे बरेचसे रुग्ण यादीत येतील आणि काम पहिल्याच महिन्यात कोलमडेल. सुरुवातीला यादी आखूड ठेवा. तीन किंवा अधिक आजार असलेले, किंवा आजार दोनच पण रोजची औषधं पाच किंवा त्याहून अधिक असलेले रुग्ण घ्या. आजार मोजताना गुडघेदुखी, नैराश्य, दमा, थायरॉइड, किडनीची तक्रार हेही धरा. केसपेपरवर शुगर आणि बीपी ठळक लिहिलेलं असतं. रुग्णाला रात्रभर जागवणारा गुडघा मात्र कुठेच नोंदलेला नसतो.

२. शुगर, बीपी, क्रिएटिनिन आम्ही लिहितोच. आणखी वेगळं काय मोजायचं?

ते लिहीत राहा. ते आकडे आजाराबद्दल सांगतात. तुम्ही जो बदल करायला निघालात तो मात्र माणसाच्या देखभालीतला आहे, म्हणून त्याची मापंही माणसापाशीच सापडतील. त्याला स्वतःला काय साधायचं आहे आणि ते किती साधलं? उपचार निभावताना त्याच्यावर किती भार पडतो? डॉक्टरांनी त्याचं ऐकून घेतलं असं त्याला वाटतं का? तो दर वेळी त्याच डॉक्टरांना भेटतो, की दर खेपेला नव्याने कहाणी सांगतो?

समजा, रुग्णाचा एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी रक्ततपासणी) ८.४ वरून ७.२ वर आला. त्यासाठी त्याला दिवसातून चार वेळा औषधं घ्यावी लागतात, महिन्यातून दोन रोज बुडतात आणि पहाटे घाम फुटून तो जागा होतो. फक्त रिपोर्ट पाहिला तर ही प्रगती आहे. बाकीचं आपण विचारलंच नाही, म्हणून ते आपल्याला ठाऊक नाही.

३. काम सुरू करण्याआधीची स्थिती नोंदवणं खरंच गरजेचं आहे का? आम्हाला लगेच सुरुवात करायची आहे.

गरजेचं आहे. घाईत हीच पायरी सर्वांत जास्त गाळली जाते, आणि नंतर ती भरून काढता येत नाही. सहा महिन्यांनी "आता तुम्हाला आधीपेक्षा बरं वाटतं का?" असं विचारलं तर बहुतेक जण हो म्हणतील. समोर बसलेल्या डॉक्टरांचं मन मोडायचं नसतं.

निदान दोन-तीन महिने जुन्याच पद्धतीने काम चालू ठेवून मापं घ्या. तेवढाही वेळ नसेल तर यादीतल्या प्रत्येक रुग्णाची पहिली नोंद नवी पद्धत त्याला लागू करण्याआधी, त्याच भेटीत घ्या. जुन्या फायलींतून मागच्या वर्षाचे बीपीचे आकडे आणि भेटींच्या तारखा काढता येतात. ओझं आणि अनुभव मात्र फायलीत सापडणार नाहीत.

४. आमचा दवाखाना लहान आहे: दोन डॉक्टर, एक सिस्टर, एक कंपाउंडर. किती मापं झेपतील?

सहा. फार तर सात. आरोग्यसेवेची गुणवत्ता रचना, प्रक्रिया आणि परिणाम अशा तीन बाजूंनी पाहावी हे अवेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ साली मांडलं, आणि ती विभागणी आजही उपयोगी पडते. लहान दवाखान्याला आम्ही सहसा असा संच सुचवतो. रचनेसाठी एकच माप: यादीतल्या किती रुग्णांची सगळी औषधं आणि सगळे आजार एका कागदावर आहेत. प्रक्रियेसाठी दोन: किती जणांचं स्वतःचं उद्दिष्ट लिहिलं गेलं, आणि गेल्या सहा महिन्यांत किती जणांची औषधं एकत्र बसून तपासली गेली. परिणामासाठी दोन: उद्दिष्ट किती साधलं आणि उपचारांचं ओझं किती (प्र. ७ आणि ८). सहावं माप तोलाचं, म्हणजे आपल्या बदलामुळे दुसरीकडे काही बिघडत तर नाही ना हे पाहणारं. मधुमेहाच्या रुग्णांत साखर ७० च्या खाली गेल्याचे प्रसंग मोजा. श्रावण, नवरात्र, चतुर्थी आणि रमजान या दिवसांत ते विशेष काळजीने विचारा. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू ठेवून कडक उपास धरणारे रुग्ण आपल्याकडे कमी नाहीत, आणि विचारल्याशिवाय ते सांगत नाहीत.

शुगर-बीपी नियंत्रणाची टक्केवारी या सहांत धरलेली नाही. ती तुम्ही तशीही काढता.

५. प्रश्नावली कोणती वापरायची? मराठीत मिळते का?

जगण्याच्या गुणवत्तेसाठी ईक्यू-५डी-५एल ही प्रश्नावली सुटसुटीत आहे. चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना आणि चिंता-नैराश्य असे पाच प्रश्न, प्रत्येकाला पाच पायऱ्या, आणि शेवटी आजची तब्येत ० ते १०० च्या पट्टीवर दाखवायची. तिची मराठी आवृत्ती आहे. ती युरोक्वोल संस्थेकडे नोंदणी करून घ्यावी लागते. नैराश्यासाठी पीएचक्यू-९ मोफत वापरता येते. वेळ कमी असेल तर आधी तिचे पहिले दोनच प्रश्न विचारा आणि बेरीज ३ किंवा जास्त आली तर उरलेले सात. दीर्घ आजारातली देखभाल कशी मिळते हे रुग्णाच्या तोंडून जाणण्यासाठी पॅसिक नावाची २० प्रश्नांची यादी आहे, पण लहान दवाखान्याला ती लांबते.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. प्रश्नांचं घरच्या घरी भाषांतर करून त्याचे गुण मूळ प्रश्नावलीच्या गुणांशी ताडू नका. शब्द बदलला की उत्तर बदलतं. दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दलचा आहे. त्याला "नाही" सोडून दुसरं कुठलंही उत्तर आलं तर डॉक्टरांनी त्याच भेटीत रुग्णाशी बोललंच पाहिजे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक टेबलावर लिहून ठेवा. हे करायची तयारी नसेल तर तो प्रश्न विचारण्याचा अधिकार आपल्याला नाही.

६. आमचे बरेच रुग्ण लिहू-वाचू शकत नाहीत. फॉर्म कोणी भरावा?

वाचून दाखवणारी व्यक्ती उपचार करणारी नसावी. डॉक्टरांनी विचारलं की "बरं आहे, डॉक्टर" हेच उत्तर येतं. स्वयंसेविका, आशाताई किंवा कॉलेजची समाजकार्याची मुलं हे काम चांगलं करतात. प्रश्न शब्दशः वाचायचा, समजावताना उत्तर सुचवायचं नाही, आणि बाजूला सून किंवा मुलगा उभा असेल तर त्यांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगायचं. तुर्भ्यात हिंदी, तेलुगू, कानडी बोलणारे रुग्णही येतील. त्यांना मराठी फॉर्म रेटू नका, त्यांच्या भाषेतली मान्य आवृत्ती मागवा.

पहिली नोंद ज्या रीतीने घेतली त्याच रीतीने पुढच्या घ्या. एकदा फोनवर आणि एकदा समोरासमोर विचारलं तर आलेला फरक तब्येतीचा की पद्धतीचा, हे कळायला मार्ग राहत नाही.

७. रुग्णाचं उद्दिष्ट मोजणार कसं? एकाला वारीला जायचंय, दुसरीला शांत झोप हवी. यांची बेरीज होते का?

होते. १९६८ पासून वापरात असलेली उद्दिष्ट-प्राप्तीची पट्टी याच कामाची आहे. उणे २ ते अधिक २ अशा पाच पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर काय दिसेल हे त्या रुग्णापुरतं आधीच लिहून ठेवायचं.

आमच्याकडे वारंवार दिसणाऱ्या रुग्णांवरून एक उदाहरण रचून सांगतो. वाशीतल्या सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एक आजी. इमारतीला लिफ्ट नाही. मधुमेह, बीपी, थायरॉइड आणि दोन्ही गुडघे. "तुम्हाला काय हवंय?" असं विचारल्यावर त्या आधी म्हणाल्या, "शुगर कमी व्हायला पाहिजे." हे उत्तर आपण शिकवलेलं असतं. तिथे थांबू नका. "शुगर कमी झाली की काय करता येईल?" असं विचारा. मग त्या म्हणाल्या, "नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडता येईल. आता शेजारीण सोडते, तिला किती दिवस सांगू?"

त्यांच्या फायलीत पट्टी अशी लिहिली:

उणे २: महिनाभर जिना उतरल्याच नाहीत.
उणे १: आठवड्यातून एकदा, कोणाचा तरी आधार घेऊन उतरतात (आजची स्थिती).
०: आठवड्यातून तीन दिवस नातवाला बसपर्यंत सोडतात.
अधिक १: शाळेच्या सगळ्या दिवशी सोडतात.
अधिक २: शिवाय संध्याकाळी भाजी घेऊन स्वतः चढून येतात.

दर तीन महिन्यांनी त्या कुठल्या पायरीवर आहेत ते नोंदवायचं. वारीचं उद्दिष्ट असलेल्या काकांची पट्टी वेगळी असेल, पण दोघांचाही आकडा उणे २ ते अधिक २ मध्येच बसतो. त्यामुळे "यादीतल्या किती जणांनी ० किंवा त्यापुढची पायरी गाठली" हे मोजता येतं.

ही पट्टी लिहिल्यावर उपचाराचा क्रमही बदलतो. या आजींच्या बाबतीत गुडघ्यांचे व्यायाम आणि चक्कर येण्याचं कारण शोधणं वर सरकलं. उभं राहिल्यावर त्यांचं बीपी उतरत होतं, हे उभ्याने मोजल्यावर कळलं. आम्हाला या पद्धतीचा सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो: मोजणीसाठी विचारलेला प्रश्न उपचाराच्या उपयोगी पडतो.

एक सावधगिरी. सोपी उद्दिष्टं लिहून आकडा फुगवता येतो. म्हणून दर महिन्याला थोड्या फायली दुसऱ्या डॉक्टरांनी काढून पट्ट्या वाचाव्यात.

८. "उपचारांचं ओझं" ही कल्पना नीट कळली नाही. आजाराचं ओझं वेगळं आणि उपचारांचं वेगळं?

हो. गुडघा दुखतो हे आजाराचं ओझं. गुडघ्यासाठी एका डॉक्टरांकडे, शुगरसाठी दुसऱ्यांकडे आणि छातीसाठी तिसऱ्यांकडे जावं लागतं हे उपचारांचं.

वागळे इस्टेटमधल्या एखाद्या कारखान्यात पाळीने काम करणाऱ्या माणसाचा महिना डोळ्यांसमोर आणा. उपाशीपोटी आणि जेवणानंतरची शुगर, म्हणजे एकाच दिवशी लॅबला दोन खेपा. रिपोर्ट दुसऱ्या दिवशी. डॉक्टरांची वेळ संध्याकाळी सातची, आणि त्याची पाळी तीन ते अकरा. दोन वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी लिहिलेलं, आणि तो दोन्ही गोळ्या घेतोय. डबा कॅन्टीनचा, पथ्याचा कागद खिशात. रात्रपाळीत "सकाळी नाश्त्याआधी" घ्यायची गोळी नेमकी कधी घ्यायची, हे त्याला कोणीच सांगितलेलं नाही.

हे मोजायला ब्रिस्टल विद्यापीठात तयार झालेली १० प्रश्नांची यादी आहे. ती वापरायची नसेल तर पाच साध्या गोष्टी लिहा: दिवसात औषध घेण्याच्या वेळा, एकूण गोळ्या, महिन्यातल्या दवाखाना-लॅबच्या खेपा, बुडालेले रोज, आणि खिशातून गेलेले पैसे. शेवटी एक प्रश्न विचारा, "यातलं सर्वांत जड काय जातं?" उत्तर अनेकदा आपल्याला वाटतं त्याहून वेगळं निघतं, आणि पुष्कळदा ते त्याच आठवड्यात हलकं करता येतं. तपासण्या एकाच दिवशी आणणं, दोनदा लिहिलेलं औषध काढणं, महाग ब्रँडऐवजी जनऔषधी केंद्रातलं तेच औषध लिहिणं, यासाठी वेगळा निधी लागत नाही.

९. मग गोळ्यांची संख्या कमी होणं हीच प्रगती मानायची का?

नाही. गोळ्या कमी करणं हे लक्ष्य ठेवलंत तर कोणीतरी स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) किंवा बीपीची गोळी काढून आकडा गाठेल. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या रुग्णाला पाच औषधं लागत असतील तर ती लागतात.

मोजायचं ते हे: औषधांची एकत्र पडताळणी झाली का, आणि तिच्यातून काही बदललं का. पडताळणीच्या दिवशी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणायला सांगा. मेडिकलमधून परस्पर घेतलेल्या डायक्लोफिनॅकच्या गोळ्या, आयुर्वेदिक चूर्ण, शेजाऱ्याने दिलेलं मलम, सगळं. गुडघेदुखीसाठी रोज घेतलेली वेदनाशामक गोळी बीपी चढवते आणि किडनीला घातक ठरते. अशी एक गोळी बंद झाली, की बीपीच्या औषधाची वाढवलेली मात्राही पुढे कमी करता येण्याची शक्यता असते. काय थांबवलं, काय बदललं, काय सुरू केलं आणि कशासाठी, या चार रकान्यांची नोंद पुरते.

१०. सहा महिने झाले. एचबीए१सी हलला नाही. व्यवस्थापन म्हणतंय प्रकल्प फसला. काय सांगू?

सांगा, की हा अनुभव तुमचा एकट्याचा नाही. ब्रिटनमध्ये थ्री-डी नावाचा मोठा अभ्यास झाला. इंग्लंड आणि स्कॉटलंडमधले ३३ दवाखाने, तीन किंवा अधिक दीर्घ आजार असलेले १५४६ रुग्ण. प्रत्येक आजाराची वेगळी तपासणी बंद करून दर सहा महिन्यांनी एकत्र, सविस्तर भेट दिली गेली, त्यात औषधं आणि नैराश्य यांच्यावर भर होता. निष्कर्ष २०१८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. १५ महिन्यांनंतर जगण्याच्या गुणवत्तेच्या गुणांत फरक पडला नव्हता. रुग्णांना मिळालेल्या देखभालीचा अनुभव मात्र स्पष्टपणे सुधारला होता.

यातून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. रुग्णाचा अनुभव हाही परिणाम आहे. आयुष्यभर दवाखान्याच्या पायऱ्या चढणाऱ्या माणसाचं कोणीतरी पूर्ण ऐकून घेणं ही आमच्या लेखी लहान गोष्ट नाही. आणि निष्कर्ष काढण्याआधी बदल खरोखर अमलात आला का ते पाहा. त्या अभ्यासातही ठरलेल्या दोन्ही पूर्ण भेटी साधारण निम्म्याच रुग्णांच्या झाल्या होत्या. तुमच्या यादीत उद्दिष्ट लिहिलेले रुग्ण तीसच टक्के असतील, तर पद्धत फसली असं म्हणता येणार नाही, कारण ती अजून पुरती सुरूच झालेली नाही. प्र. ४ मधली प्रक्रियेची मापं यासाठीच असतात.

शिवाय एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतो, त्यामुळे सहा महिन्यांत फार तर दोनच खरे आकडे हाती येतात. रक्तक्षय असलेल्यांत तो फसवूही शकतो. लोहाची कमतरता असेल तर तो खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो, आणि आपल्याकडे अशा रुग्ण बायका पुष्कळ आहेत.

११. आमच्याकडे उलटं झालं. पहिल्याच तिमाहीत बीपी झपाट्याने उतरलं. आनंद मानायचा ना?

थोडं थांबा. तुम्ही यादीत सर्वांत चढलेल्या बीपीचे रुग्ण घेतले असतील, तर काहीही न करता त्यांची पुढची सरासरी खाली येणारच. ज्या दिवशी बीपी नेहमीपेक्षा जास्त होतं, नेमक्या त्याच दिवशी ते यादीत आले. म्हणून निवड ज्या मापावर केली ते माप आधीची स्थिती म्हणून वापरू नका. यादीत आल्यानंतर पुन्हा मोजा आणि तिथून सुरुवात धरा.

मोजण्याची रीत बदलली का तेही पाहा. पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकून, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या पातळीला, अर्धा तास आधी चहा-तंबाखू नाही, दोनदा मोजून सरासरी, ही खरी रीत. पूर्वी रुग्ण स्टेशनपासून चालत येऊन थेट खुर्चीत बसत असेल आणि आता सिस्टर त्याला पाच मिनिटं बसवत असेल, तर आकडा त्यानेच उतरला. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा जास्त येतो.

१२. जे रुग्ण आलेच नाहीत त्यांना टक्केवारीत धरायचं का?

धरायचं. छेदात यादीतले सगळे, अंशात नियंत्रणात असलेले. १०० पैकी ६० आले, त्यातल्या ४५ जणांचं बीपी १४०/९० च्या खाली आहे, तर नियंत्रण ४५ टक्के. ७५ टक्के लिहिलं तर न आलेले ४० जण कागदावरून पुसले गेले, आणि काळजी त्यांचीच करायची होती. देशात २०१७ पासून चालू असलेला उच्च रक्तदाब नियंत्रणाचा आयएचसीआय उपक्रमही न आलेल्यांना छेदातून वगळत नाही. "नियंत्रणात", "नियंत्रणाबाहेर" आणि "आलेच नाहीत" असे तीन गट वेगळे दाखवा.

आपल्या भागात न येण्याला ऋतू आहेत. गणपतीत आणि शिमग्याला कोकणात, मे महिन्यात गावी, माथाडी कुटुंबं जत्रेला साताऱ्या-सांगलीकडे. जाण्याआधी दोन महिन्यांची औषधं देणं आणि एक फोन करणं हा उपाय. सप्टेंबरचा आकडा ऑगस्टशी ताडण्याऐवजी गेल्या सप्टेंबरशी ताडा. रुग्ण दुसरीकडे कायमचा राहायला गेला किंवा वारला, तरच तो यादीतून काढायचा, तारीख आणि कारण लिहून.

१३. व्यवस्थापनाला दाखवायला आलेख कसा काढू?

"आधी" आणि "नंतर" असे दोन खांब काढू नका. दर महिन्याचा एक बिंदू, मधून मध्यकाची (निम्मे बिंदू वर, निम्मे खाली राहतील अशी) आडवी रेघ. सलग सहा किंवा जास्त बिंदू रेघेच्या एकाच बाजूला पडले तर काहीतरी खरोखर बदललं असं धरतात. एखादा बिंदू वर गेला म्हणून पेढे नकोत आणि खाली आला म्हणून बैठकही नको. चौकटीच्या वहीत पेन्सिलीने काढलेला आलेखही चालतो. तो सिस्टरांच्या टेबलासमोर लावलेला असावा.

१४. रुग्ण आमच्याकडे येतो, महापालिकेच्या दवाखान्यातही जातो आणि घोडबंदर रोडच्या स्पेशालिस्टकडेही. सुधारणा झाली तर श्रेय कोणाचं?

श्रेय वाटण्यात वेळ घालवू नका. त्याऐवजी देखभाल किती विखुरली आहे ते मोजा. वर्षभरातल्या एकूण भेटींपैकी सर्वांत जास्त ज्या डॉक्टरांकडे झाल्या त्यांचा वाटा काढा. ८ पैकी ६ भेटी एकाच डॉक्टरांकडे, म्हणजे ७५ टक्के. अनेक आजारांच्या रुग्णांत हा वाटा वाढत गेला तर आम्ही ती प्रगती मानतो.

दुसरं माप: स्पेशालिस्टच्या चिठ्ठीतले बदल किती दिवसांत तुमच्या औषधांच्या एकत्र कागदावर आले. १४ अंकी आभा क्रमांकाने (सरकारी डिजिटल आरोग्य-खात्याचा क्रमांक) नोंदी जोडण्याची सोय आहे, ती वापरा. पण रुग्णाच्या हातात असलेला एक पुठ्ठ्याचा औषध-कागद आजही सर्वांत भरवशाचा आहे.

१५. ८२ वर्षांच्या, अंथरुणाला खिळत चाललेल्या रुग्णालाही एचबीए१सी ७ च्या खालीच हवा का?

नको. अनेक आजार असलेल्या, थकलेल्या वृद्धांसाठी मार्गदर्शक सूचनाच ८ च्या आसपासची सैल मर्यादा देतात. अगदी क्षीण प्रकृतीत तर आकड्याच्या मागे न लागता साखर खूप खाली जाऊ न देणं आणि खूप वर जाऊन त्रास होऊ न देणं एवढंच पाहायचं. म्हणून प्रत्येक रुग्णाची मर्यादा फायलीत स्वतंत्र लिहा आणि टक्केवारी "स्वतःच्या मर्यादेत किती" अशी काढा. ८० च्या पुढचा, इन्सुलिनवर असलेला आणि एचबीए१सी ६.२ असलेला रुग्ण दिसला तर तो यशाच्या रकान्यात टाकण्याआधी हायपो होतो का, म्हणजे साखर फार खाली जाते का, ते विचारा.

१६. रुग्ण एक सांगतो, मुलगा दुसरंच. कोणाचं उत्तर नोंदवायचं?

रुग्णाचं, जोवर तो सांगू शकतो तोवर. मुलाचं उत्तर वेगळ्या रकान्यात लिहा, ते वाया घालवू नका. स्मृतिभ्रंश असेल तर जवळून सांभाळणाऱ्याला विचारावं लागतं. तेव्हा "त्यांना काय वाटत असेल?" आणि "तुम्हाला काय वाटतं?" हे दोन प्रश्न वेगळे ठेवा. सांभाळणारी बहुतेक वेळा सून, बायको किंवा मुलगी असते. तिची झोप आणि तिचं दुखणं विचारायला कोणी नसतं, ते तुम्ही विचारा.

१७. चांगल्या टक्केवारीसाठी सिस्टरांना बक्षीस द्यावं का?

आमचं मत नाही असं आहे. ब्रिटनने २००४ मध्ये आजारवार निकषांना पैसे जोडले. स्कॉटलंडने ती पद्धत २०१६ मध्ये बंद केली. आकड्याला पैसा चिकटला की १४२ चा १३८ व्हायला वेळ लागत नाही. सिस्टरांना फॉर्म भरण्यासाठी कामाच्या वेळेतच वेळ काढून द्या. ते जास्त मोलाचं आहे. प्रत्येक फॉर्मला किती वेळ जातो तेही अधूनमधून मोजा, आणि तीन महिने जो रकाना कोणी वाचला नाही तो काढून टाका.

१८. या नोंदींसाठी रुग्णाची परवानगी लागते का?

उपचाराच्या नोंदी फायलीत राहतातच, पण त्या कशासाठी वापरणार हे रुग्णाला मराठीत सांगा आणि सही किंवा अंगठा घ्या. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा लक्षात घ्या. यादी व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकू नका. आलेखात नावं नकोत. आणि नकार देणाऱ्याच्या उपचारात तसूभर फरक पडता कामा नये.

१९. रुग्णाने नीट विचार करून इन्सुलिन किंवा डायलिसिस नको म्हटलं. आमच्या नोंदीत हे अपयश धरायचं का?

आधी चार गोष्टी तपासा. त्याला परिणाम नीट समजावले होते का? नकार पैशांपोटी किंवा घरच्यांवर भार नको म्हणून तर नाही? नैराश्य तपासलं का (प्र. ५)? आणि पुन्हा विचार बदलला तर दार उघडं आहे हे त्याला ठाऊक आहे का? खर्च हे कारण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्रांकडून विचारून घ्या, मग पुन्हा बोला. इन्सुलिनला नकार असेल तर तो बहुतेकदा सुईच्या भीतीचा किंवा "एकदा लागलं की सुटत नाही" या समजाचा असतो. त्यावर आणखी एक निवांत भेट खर्च करा.

एवढं झाल्यावरही तो ठाम असेल, तर ती भेट "एकत्र निर्णय झाला" या रकान्यात जाते. त्याची उद्दिष्टाची पट्टी नव्याने लिहा. दम कमी लागावा, रात्री झोप लागावी, गावच्या घरी राहता यावं, जे तो सांगेल ते. त्याची वैयक्तिक मर्यादा प्र. १५ प्रमाणे बदला. त्याला यादीतून काढू नका. पुढच्या भेटीची तारीख आधीपेक्षा जवळची द्या.